तिळाएवढा कान

श्रीकृष्ण वानखडे सरांनी अठरा वर्षांच्या नोकरीत वर्गाला एकदाही 'गप्प बसा' म्हटलं नाही. गोंगाट वाढला की ते फळ्याकडून वळायचे, उजवा हात पुढे करायचे, तळवा जमिनीकडे, आणि तो सावकाश खाली आणायचे. हवेत कुठंतरी बटण आहे आणि ते आवाज कमी करताहेत, असं वाटायचं. नवल म्हणजे आवाज खरंच कमी व्हायचा. मी हा प्रयोग एकदा घरी करून पाहिला. बायकोनं विचारलं, "काऊन, हात अवघडला का?"

मी देवीदास. चिखलीजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेचा सहायक. पद लहान, पण किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे, त्यामुळे प्राचार्यसुद्धा मला 'देवीदासभाऊ' म्हणतात. शिवाय गॅदरिंगच्या नाटकात सव्वीस वर्षं मी खलनायक आहे. माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेत पोचतो. तेव्हा सरांचं आणि माझं जमायचं काही कारण नव्हतं. मला आवाज वाढवायची हौस, त्यांना गोंगाट कमी करायची.

सर उंच होते आणि आपली उंची कुणाला अडचण होऊ नये म्हणून थोडे वाकून चालायचे. शर्टाच्या खिशात पेन नसे, भिंग असे. विचार करायला बसले की आधी पंखा बंद करायचे. मे महिन्यात, चिखलीत, पंखा बंद! स्टाफरूममधले बाकीचे प्राध्यापक वह्यांनी वारा घेत बाहेर पडायचे आणि सर घामाच्या धारांत एकटेच बसायचे, चेहऱ्यावर पूर्ण समाधान. मी एकदा म्हटलं, "सर, पंख्यानं तुमचं काय बिघडवलं?"

"काही नाही," ते म्हणाले. "तो घरघरते, अन् आपल्याले वाटते आपण विचार करून राह्यलो."

त्यांचं संशोधन काय, हे कॉलेजात कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही. एका दुपारी त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "याले कान हाय, माहीत हाय का तुमाले?"

मग त्यांनी सांगितलं. टॉवरवरून निघालेली लहर मोबाइलपर्यंत येता येता इतकी क्षीण होते की ती आली हेही कळू नये. ती पहिल्यांदा ऐकते एक चिप, तिळाएवढी. ती आवाज मोठा करते आणि पुढं देते. "आवाज मोठा करणं सोपं हाय, देवीदासभाऊ. ते तर तुमी बी करता. पण आवाज मोठा करताना आपल्या पोटातला गोंगाट त्याच्यात मिसळू द्यायचा नाही, हे कठीण." सरांना असा कान बनवायचा होता जो एका लहानशा सेलवर वर्षानुवर्षं जागा राहील. शेतात ओल मोजणारं यंत्र असतं ना, त्याच्यात बसवायचा. कुणी बोलावेपर्यंत नुसता ऐकत राहील.

हे वेड त्यांना कुठून लागलं, तेही मी पाहिलं आहे. सर मूळचे जानेफळचे. वडील वांगी, फुलकोबी पिकवायचे आणि आसपासच्या बाजारांत स्वतः बसून विकायचे. एका सोमवारी आम्ही चिखलीच्या बाजारात शिरलो. चहूकडून आरोळ्या, भोंगे, एक मोटरसायकल गर्दीत अडकून कोकलतेय. सर मध्येच थांबले. डोळे मिटले. लोक धक्के मारून जात होते, एका बाईनं तर "अहो मास्तर, झोपा घरी जाऊन!" असं सुनावलंही. सरांनी डोळे न उघडता बोट केलं. "तो आपला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आम्ही बोटाच्या दिशेनं गेलो. लसणाच्या ढिगामागे सरांचे म्हातारे वडील बसलेले, आवाज बसलेला, ओठांतल्या ओठांत "घ्या, कोबी घ्या" म्हणत होते. सरांना पाहून म्हणाले, "आला का? लहानपणी खामगावच्या बाजारात हरवला होता हा. रडला नाही. उभा राह्यला, अन् मी ओरडलो तसा सरळ माह्यापाशी आला."

"तुमी ओरडले नव्हते, आबा," सर म्हणाले. "तुमी खोकलले होते."

तर असा माणूस. खामगावला डिप्लोमा, मग डिग्री, मग नोकरी करत एम.ई., मग पीएच.डी.ची नोंदणी. प्रत्येक पायरीवर दोन-तीन वर्षं थांबून. पीएच.डी.चं नववं वर्ष चालू होतं. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे परदेशी गेले. तिसरे सरांपेक्षा सहा वर्षांनी लहान. सर त्यांना 'सर' म्हणायचे आणि ते सरांना 'सर' म्हणायचे, त्यामुळे फोनवरचं अर्धं बोलणं सरसर असंच व्हायचं. वहिनी म्हणायच्या, "पोरगी दहावीले गेली, पण ह्यांचं हे लेकरू अजून पोटातच हाय."

हसण्यावारी नेण्याचे दिवस मात्र संपत आले होते. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती, दिवाळीपर्यंत. आणि आमच्या व्यवस्थापनानं पत्र काढलं होतं की ज्यांची पीएच.डी. या वर्षात होणार नाही त्यांचं पद पुढच्या वर्षी राहणार नाही. पत्रावर नाव कुणाचंच नव्हतं. पण सगळ्या स्टाफरूमनं ते वाचून सरांकडेच पाहिलं.

आता स्विचची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढची कळणार नाही.

चिप बनवण्याआधी ती संगणकावर चालवून पाहावी लागते. आमचा संगणक म्हातारा. एका हिशेबाला सव्वीस-सव्वीस तास घ्यायचा. आणि आमचा शिपाई नामदेव, अत्यंत कर्तव्यदक्ष, रोज साडेपाचला इमारतीतलं प्रत्येक बटण बंद करून जायचा. सरांनी चिठ्ठी लावली, 'कृपया बंद करू नये'. नामदेवनं चिठ्ठी वाचली आणि बटण बंद केलं. सरांनी समजावलं, नामदेवनं मान डोलावली, आणि बटण बंद केलं. तीन आठवड्यांत सात वेळा हिशेब मध्यावर मेला. सातव्या वेळी सर त्या काळ्या पडद्यासमोर बसले होते आणि पंखा चालू होता. मला तेव्हा त्यांची पहिल्यांदा काळजी वाटली.

मी म्हटलं, "सर, हे माझ्यावर सोडा." बाजारातून लिंबू-मिरची आणली, त्या स्विचवर टांगली, भोवती कुंकवाचं वर्तुळ काढलं, चार अक्षता चिकटवल्या. नामदेव संध्याकाळी आला, लांबून हात जोडले आणि मागच्या पावलानं गेला. त्यानंतर दीड वर्षात त्या बटणाला कुणी बोट लावलं नाही. प्राचार्यांनीसुद्धा नाही. सर देवाधर्मातले नव्हते, पण दर महिन्याला स्वतः लिंबू बदलायचे. म्हणायचे, "देवीदासभाऊ, तुमचं कुंकू माह्या चिठ्ठीपेक्षा भारी हाय." मला केवढा मान वाटला म्हणून सांगू! संशोधनात आपलाही वाटा आहे, असं मी गल्लीत सांगत हिंडायचो.

हिशेब पुरा झाला. आराखडा परदेशी गेला. अशी चिप एकट्यासाठी कुणी बनवत नाही. सिलिकॉनची एक तबकडी असते, तिच्यात ठिकठिकाणच्या लोकांना थोडीथोडी जागा मिळते. सर म्हणाले, "आपल्या मेहकरच्या जीपसारखं हाय. गाडी एकाची, बसणारे चौदा, अन् भरल्याशिवाय सुटत नाही." ती जीप भरायला आठ महिने लागले. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कुरिअर आलं.

सर त्या दिवशी पुण्याला होते. तिथल्या एका संस्थेतलं मोजणीचं यंत्र दोन दिवस मिळावं म्हणून गेले होते, आणि ते मिळालंही होतं, पुढच्याच आठवड्यातलं. पाकीट मी सही करून घेतलं. आत चपटी, पारदर्शक डबी. तिच्यात चिकट थरावर दहा ठिपके, खरंच तिळाएवढे. मी भिंग लावून पाहिलं. शहराचा नकाशा असावा तशा सोनेरी रेघा. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा मी करतो, सव्वीस वर्षं. आणि माझी पूजा म्हणजे उरकाउरकी नसते. फरशी दोनदा पुसलेली, दारात रांगोळी, प्रत्येक मीटरला झेंडूचं फूल. या वर्षी तर घरात बाळ आलेलं! डबीवर इंग्रजीत काही सूचना होत्या, त्या मी पाहिल्याही. पण पूजा झाकणाला करतात का? ट्रॅक्टरची करतानाही आपण बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावतो. मी झाकण उघडलं. पळीनं पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर ओलं फूल ठेवलं. नारळ फोडला, चार थेंब त्याचेही. खड्या आवाजात आरती म्हटली. मग फोटो काढून सरांना पाठवला. खाली लिहिलं: 'सर, तुमच्या लेकराची यथासांग पूजा झाली.'

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. दुपारी फोन आला. ते एसटीत होते, मागं इंजिनचा आवाज.

"देवीदासभाऊ, फोटो आत्ता पाह्यला. झाकण उघडलं होतं का?"

"हाव सर! चांगलं उघडून केली. फूल अजून तसंच हाय."

पलीकडे एसटीची घंटी वाजली. कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडत होतं. मग सर म्हणाले, "बरं. आता हात लावू नका. मी येतो."

ते आल्यावर मला कळलं. कुंकवात चुना असतो. चिपच्या कडेला तारा जोडायच्या जागा असतात, ॲल्युमिनियमच्या, उघड्या. ओला चुना ॲल्युमिनियमला खातो. एक दिवस आणि एक रात्र त्यानं शांतपणे खाल्लं होतं.

सरांनी मला शिवी द्यावी म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पंखा बंद केला. पोरीच्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश मागवला, स्पिरिट घेतलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चिप पुसायला बसले. चार दिवस. मी शेजारी उभा. मधे मधे ते मला पाहायला लावायचे, जणू माझीच परीक्षा जवळ आली आहे. "हे पाहा, ही कड गेली. हिची वाचली." दहातल्या सहा गेल्या होत्या. चार उरल्या.

पुण्याला मी हट्टानं बरोबर गेलो. तिथल्या तज्ज्ञ मॅडम फार चांगल्या. केसाहून बारीक तार त्या यंत्रानं चिपला जोडायच्या. पहिल्या चिपची तार धरेना. दुसरीचीही नाही. तिसरीची धरली, पण वीज देताच ती गरम होऊन मेली. मॅडमनी चौथी घेण्याआधी सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातलं भिंग हातात घट्ट धरलं होतं.

चौथीची तार धरली. वीज दिली. पडद्यावर एक आडवी रेघ होती, ती मध्ये उचलली गेली, डोंगरासारखी. सगळे पडद्याकडे पाहत होते. सर चिपकडे पाहत होते.

"पाहा देवीदासभाऊ," ते हलकेच म्हणाले, "ऐकून राह्यला."

गोंगाटाचा आकडा आला. सरांनी नऊ वर्षं कागदावर लिहिला होता, जवळजवळ तोच. मॅडमच्या तोंडून "वा!" निघालं. अकरा मिनिटं ती चिप ऐकत होती. मग खाल्लेल्या कडेवरची तार सुटली आणि रेघ आडवी झाली.

एका नमुन्याच्या एका मोजणीवर प्रबंध उभा राहत नाही. निदान दोन तरी हवेत, जुळणारे. हे मला परतीच्या गाडीत कळलं, आणि माझ्यातला नाटकवाला जागा झाला. म्हटलं, "सर, तीच रेघ जराशी हलवून दुसरी काढू. वर-खाली थोडं. बुलडाण्यात कोण येते तपासायले?"

सर रागावले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग त्याच्यातला गोंगाट माह्या हातचा राहीन. दुसऱ्या कोणाले नाही, पण मले तो ऐकू येत राहीन."

दिवाळीच्या आधी समितीसमोर बोलावणं आलं. मी ठरवलं, आत जायचं आणि सांगायचं. भाषण पाठ केलं: 'माननीय समिती, अपराधी मी आहे. हे हात पाहा!' हात कसे पुढे करायचे तेही आरशात बसवलं. विद्यापीठाच्या पायऱ्यांवर सर थांबले आणि म्हणाले, "तुमी बाहेर बसा, देवीदासभाऊ."

दार नीट लागत नव्हतं. बाकावरून सगळं ऐकू येत होतं. सर इंग्रजीत छान बोलत होते, मी ऐकून ताठ बसलो. मग एका आवाजानं विचारलं की बाकीचे नमुने कशानं गेले. सरांनी सांगितलं, हाताळताना दूषित झाले.

"उघडे कुणी ठेवले?"

"मी."

"इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर? हा तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा झाला."

आता माझी एन्ट्री होती. अशी एन्ट्री मी सव्वीस वर्षांत एकदाही चुकवली नाही. पडदा, दिवा, संवादाचा शेवटचा शब्द, आणि मी आत. मी उठलो. दाराच्या कडीवर हात ठेवला. पण दार मी लोटलं नाही. नोकरी आठवली, किल्ल्या आठवल्या. कडी थंड होती, एवढं अजून लक्षात आहे.

आत सरांचं इंग्रजी संपलं होतं. "सर, मले एक वर्ष द्या. नाहीतर सहा महिने द्या. पुढच्या तबकडीत जागा भेटली तं मी…"

कुणीतरी त्या 'मले'ला किंचित हसलं. दुष्टपणानं नाही, सवयीनं. मग कागद सरकवल्याचा आवाज आला. मुदतवाढ संपली होती. नियमात पुढं काही नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "चहा घेतला का तुमी?"

सत्र संपलं आणि सरांचं पदही. पुढच्या खंडेनवमीला ते अनुभवाचा दाखला घ्यायला कॉलेजात आले. प्रयोगशाळेत आले, सगळीकडे नजर फिरवली. मीटर तसेच, धुळीत. एक फूल नाही.

"काऊन हो? पूजा नाही यंदा?"

"नाही, सर. मन नाही."

त्यांनी खिशातून ती चपटी डबी काढली. आत खाल्लेले, काळवंडलेले सहा तीळ. डबी टेबलावर ठेवली. "टाका कुंकू."

मी एक पाऊल मागं सरकलो. मग त्यांनीच कपाटातली कोयरी शोधून काढली, चिमूटभर कुंकू घेतलं आणि डबीच्या झाकणावर लावलं. "झाकण लावून चालते, देवीदासभाऊ." डबी पुसली नाही, तशीच खिशात ठेवली.

मी त्यांना चिखलीच्या स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्यांनी सांगितलं की दुसऱ्या एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी, बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांच्या बाकावर. पहिल्या पानापासून. वहिनींना अजून सांगितलं नव्हतं. "आबाले सांगितलं," ते म्हणाले. "आबाले आता ऐकू येत नाही."

मेहकरची जीप भरत आली होती. मधल्या रांगेत खिडकीशी सर बसले, गुडघे जवळजवळ हनुवटीला. त्यांनी डोळे मिटले. भोवती स्टँडवरचं सगळं चालू होतं: भोंगे, रसवंतीची घुंगरं, "मेहकर, मेहकर, चला दोन सीट!", कुणाचं तरी लाऊडस्पीकरवरचं गाणं. मी वीस पावलांवर उभा होतो. ओरडलो असतो तर पोचलं असतं, तो माझा धंदाच. पण मी ओरडलो नाही. साध्या आवाजात, स्वतःशी बोलावं तसं, म्हणालो,

"सर, मी आत यायले पायजे होतं."

शेजारच्या पानवाल्यालाही ते ऐकू गेलं नाही. जीप सुरू झाली. सरांनी डोळे उघडले नाहीत. खिडकीतून उजवा हात बाहेर आला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश खाली गेला.